‘आम्ही तिला काहीच बोललो नाही’

ताईंस नमस्कार,

नाव छापू नये ही विनंती. मी इचलकरंजीत मागावर कामाला आहे. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. बायको सव्वीस वर्षांची. मोठी मुलगी चार वर्षांची आहे, अंगणवाडीत जाते. चार महिन्यांपूर्वी दुसरी मुलगी झाली, सिझर झालं. त्यासाठी मालकाकडून चाळीस हजार उचल घेतली, ती फिटायची आहे.

दुसऱ्या महिन्यापासून बायको बोलत नाही. जेवण पुढ्यात ठेवलं तर दोन घास खाते. बाळ रडलं तरी कधीकधी नुसती बघत बसते. रात्री जागीच असते. गरोदर होती तेव्हाही गप्पच असायची, पण इतकं नव्हतं. आई म्हणाली, बाळंतपणात वारं लागलं. अंगारा आणला, दृष्ट काढली, फरक नाही. सरकारी दवाखान्यातल्या मॅडमनी डिप्रेशन सांगितलं आणि गोळ्या दिल्या. आई म्हणते, ‘आम्ही चार-चार बाळंतपणं काढून रानात गेलो, आम्हाला कुठं झालं डिप्रेशन? हे सगळे नखरे.’

ताई, आमच्या घरात कशाची कमी नाही. मी दारूला शिवत नाही, कधी हात उचललेला नाही. मुलगी झाली म्हणून आम्ही तिला काहीच बोललो नाही. पेढे तेवढे वाटले नाहीत आणि बारसं घरातल्या घरात केलं, ते पैशामुळं. आई एवढंच म्हणाली की तिसऱ्याला मुलगा होईल. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, पण मागल्या वर्षी सासरे वारले आणि मेव्हण्यानं यंदा जमणार नाही म्हणून सांगितलं. आधी ती शेजारच्या कारखान्यात कांडी भरायला जायची, पाचव्या महिन्यात सोडलं. मोबाइल पडून फुटला, तो अजून दुरुस्त केलेला नाही. घर दोन खोल्यांचं. रात्रपाळी असली की मी दिवसा आतल्या खोलीत झोपतो, तेव्हा ती पोरींना घेऊन बाहेर पायरीवर बसते, म्हणजे तशी समजूतदार आहे.

परवा म्हणाली, ‘पोरींना घेऊन कुठंतरी निघून जावंसं वाटतंय, परत न येण्यासारखं.’ मला विचारायचंय की हा आजार आहे की नखरे? आणि आजार असेल तर हिलाच का झाला? गोळ्यांनी किती दिवसांत बरी होईल, त्यांची सवय लागेल का?

— एक वाचक

*

दादा,

तुमच्या पत्रातल्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदाबद्दल मला पुष्कळ बोलायचं आहे. पण आधी शेवटचा परिच्छेद, कारण त्याला थांबायला वेळ नाही.

‘परत न येण्यासारखं’ ती म्हणाली. हे रागाचं किंवा माहेराला जायचं बोलणं आहे असं धरून चालू नका. हे वाचून झालं की आजच्या आज तिच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, ‘मरावंसं वाटतं का? पोरींचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी भीती लोकांना वाटते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटल्यासारखा रडतो, असं मी दवाखान्यात समाजसेविकेचं काम करताना कितीदा पाहिलं आहे. ती ‘हो’ म्हणाली, किंवा काहीच न बोलता मान खाली घातली, तर त्याच दिवशी तिला घेऊन दवाखान्यात जा. तोवर तिला आणि मुलींना एकटं सोडायचं नाही, घरातली औषधं आणि कीटकनाशकं तिच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवायची. कानात कुणी बोलतंय, बाळ बदललंय, असलं काही ती सांगू लागली किंवा दोन-तीन रात्री झोप न होताही तरतरीत फिरू लागली, तर ती निराळी आणि तातडीची गोष्ट आहे. तेव्हा १०८ ला फोन करून थेट मोठं रुग्णालय गाठा. मध्यरात्री कुणाशी बोलावं असं वाटलं तर मनाच्या आजारांसाठीच्या ‘टेलिमानस’ या फोनसेवेचा १४४१६ हा नंबर आहे. तो सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि चोवीस तास चालू असतो. रात्रपाळीत मागाच्या खडखडाटात फोन ऐकू येत नसेल, तर आईंच्याही मोबाइलमध्ये तो नंबर घालून ठेवा.

आता तुमचा पहिला प्रश्न. हा आजार आहे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येतं, उगाच चिडचिड होते, ते बहुतेक बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत जातं. तुमच्या घरी दोन महिने उलटलेत, अन्न-झोप गेली आहे, बाळाकडे बघण्याचं बळ उरलेलं नाही. मॅडमनी बरोबर ओळखलं. गोळ्या चालू ठेवा. या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, तेवढ्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. झोपेच्या गोळीसारखी यांची सवय लागत नाही, मात्र मनानं एकदम बंदही करायच्या नसतात. बरं वाटू लागल्यावरही काही महिने घ्याव्या लागतात, ते डॉक्टर सांगतील तसं. बाळ अंगावर पितं हे मॅडमना माहीत आहे ना, एवढं विचारून घ्या. अंगावर पाजतानाही देता येतात अशा गोळ्या आहेत. आणि रक्त आणि थायरॉइड तपासलं का तेही विचारा. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि सिझरनंतर रक्त कमी असलं तर माणूस असाही गळून जातो.

गोळ्यांचं एवढंच. तुमचा खरा प्रश्न ‘हिलाच का झाला’ हा आहे, आणि तो तुम्ही विचारलात याचं मला बरं वाटलं. बहुतेक नवरे विचारत नाहीत.

तुम्ही लिहिलंय, घरात कशाची कमी नाही. दारू नाही, मारहाण नाही. हे खरंच मोठं आहे, मी ते हलक्यात घेत नाही. पण ज्या कमी आहेत त्या तुम्हीच पत्रात एकामागून एक लिहून दिल्या आहेत, जाता जाता.

गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० गरोदर बायकांची नोंद केली आणि बाळंतपणानंतर त्यांना पुन्हा पुन्हा भेटले. २००२ साली ते छापून आलं. बाळ दीड-दोन महिन्यांचं असताना शंभरातल्या तेवीस जणी या आजारात होत्या. त्या आजारी बायकांपैकी शंभरात अठ्ठ्याहत्तर जणींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. (तुम्ही लिहिलंत, तेव्हाही गप्पच असायची.) सहा महिन्यांनी पाहिलं तर त्यांतल्या निम्म्याहून जास्त अजून आजारीच. कुणाला झाला, हे बघायला गेल्यावर पुढे आलं ते असं: घरात पैशाची ओढाताण, नवऱ्याशी धड संबंध नाही, आणि मुलगी होणं. घरात उपासमार किंवा मारहाण असेल तर त्या दुःखाचा भार मुलगा झाला की मुलगी, यावरही कमी-जास्त होत होता. गोवा काही मागासलेला मुलूख नाही, हे ध्यानात घ्या.

म्हणजे मुलगी झाल्यानं आजार होतो का? नाही. मुलगी झाल्यावर घर जे करतं किंवा करत नाही, त्यातून होतो. तुम्ही म्हणता, काहीच बोललो नाही. दादा, तेच तर. मोठीच्या वेळी पेढे वाटले होते का? वाटले असतील तर दुसरीच्या वेळी न वाटणं हे तिनं ऐकलं आहे. चाळीस हजारांची उचल असताना पेढ्याचा एक पुडा परवडत नाही, असं होत नाही. आईंचं ‘तिसऱ्याला मुलगा होईल’ हे वाक्य तुम्ही धीर देणं समजलात. पोटावरचे टाके ओले असलेल्या बाईला त्यातून दोन गोष्टी ऐकू येतात. ही नको होती. आणि तुला पुन्हा यातून जायचं आहे.

तुमच्यापासून फार लांब नाही, साताऱ्यात २०११ च्या ऑक्टोबरात एका सरकारी समारंभात २८५ मुलींना नवी नावं दिली गेली, कारण त्यांची आधीची नावं नकोशी, नकुशा अशी होती. त्या मुलींबद्दल तेव्हा खूप छापून आलं. त्या नावांनी रोज हाका माराव्या लागणाऱ्या आयांना काय होत असेल, हे विचारायला मात्र फारसं कुणी गेलं नाही.

शाळेत नववी-दहावीत आपण सगळे शिकलो की मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरतं. परीक्षेत लिहिलं, मार्क मिळाले. बाळंतिणीच्या खोलीत ते कुणाला आठवत नाही. तुम्ही आईंना एकदा सांगून बघा. पटणार नाही कदाचित, पण बायकोच्या कानावर ते तुमच्या तोंडून पडेल, आणि मला तेच हवं आहे.

आता त्या पायरीकडे येते. मला तुमच्या पत्रात सगळ्यांत जास्त लागलेलं वाक्य ते आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात तुम्ही आतल्या खोलीत झोपता आणि ती चार महिन्यांचं बाळ आणि चार वर्षांची पोर घेऊन बाहेर पायरीवर बसते. तुमची झोप मला कमी महत्त्वाची वाटत नाही. बारा तास माग चालवलेल्या माणसाला झोप हवीच, डोळा लागला तर बोटं जातील. पण बघा, रात्री बाळ तिला उठवतं आणि दिवसा तुम्ही झोपलेले, म्हणजे त्या आठवड्यात तिला घरात पाठ टेकायला जागाच नाही. बाळानं रडायचं नाही, कारण बाप झोपलाय. रडलं तर दोष तिचा. समोरच्या खोलीत सासूबाई. दोन खोल्यांच्या घरात या बाईला रडायला कोपरा नाही, दादा, आणि तुम्ही तिला समजूतदार म्हणता.

लंडनच्या कँबरवेल भागात जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या दोघांनी साध्यासुध्या घरातल्या बायकांशी तासन्‌तास बोलून, कोणाला हा आजार होतो आणि कोणाला होत नाही, याचा शोध घेतला होता. १९७८ साली त्यांनी मांडलं की आयुष्यात मोठा धक्का बसल्यावर सगळ्या बायका आजारी पडत नाहीत. ज्यांना मनातलं सांगायला जवळचं माणूस नव्हतं, त्या कितीतरी जास्त पडल्या. घराबाहेर काही काम नसणं, घरात लहान मुलांचा भार असणं, हेही त्यात आलं. इचलकरंजी आणि लंडन यांचा काय संबंध, असं म्हणाल. मी तुमचंच पत्र पुन्हा वाचून दाखवते. वडील गेले. भावानं माहेरचं दार लोटलं. कांडीचं काम सुटलं, म्हणजे हातातले चार पैसे गेलेच, शिवाय कांड्या भरताना शेजारणीशी होणारं बोलणं गेलं. मोबाइल फुटला, म्हणजे माहेरी तिच्या आईशी बोलणंही गेलं. आणि नवरा, जो एरवी तरी घरात असतो, तो एक आठवडा रात्री नाही आणि एक आठवडा दिवसा नाही. एकेक दार बंद होत गेलं. कुणी मुद्दाम केलं नाही, म्हणून कुणाला दिसलं नाही.

मोबाइल उद्या दुरुस्त करा. हे मी गमतीनं म्हणत नाही. मॅडमच्या गोळीइतकंच ते निकडीचं आहे.

आईंबद्दल. ‘आम्हाला कुठं झालं’ असं त्या म्हणतात तेव्हा त्या खोटं बोलत नाहीत, त्यांच्याकडे त्याला शब्द नव्हता इतकंच. त्यांच्या काळी त्याला वारं म्हणत, बाधा म्हणत, नाहीतर ‘ती पहिल्यापासून तशीच’ म्हणून सोडून देत. तुम्ही एक करा. एखाद्या निवांत दुपारी त्यांना विचारा, ‘आई, तुझ्या दुसऱ्या बाळंतपणात तुझ्याजवळ कोण होतं?’ आणि मग गप्प राहून ऐका. मी हा प्रश्न बऱ्याच सासवांना विचारला आहे. सुरुवात ‘कोण असणार!’ अशी होते आणि मग डोळ्याला पदर लागतो. जुन्या पद्धतीत बाळंतिणीला सव्वा महिना होता. शेक-शेगडी, अंग रगडणं, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, बाजेवरून उठायचं नाही. मी काही त्या पद्धतीची आरती ओवाळत नाही, त्यात विटाळाच्या नावाखाली कोंडणंही होतं, आणि ज्यांच्याकडे मोलकरीण नव्हती त्या चौथ्या दिवशी चुलीपुढेच होत्या. पण त्यातलं जे कामाचं होतं, म्हणजे बाईला निजू देणं आणि कुणीतरी तिच्यापाशी असणं, ते आपण सोडलं. अंगारा तेवढा राहिला.

आईंना शत्रू करू नका. त्यांच्याशिवाय हे घर हलणार नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच आरोग्यसेविकांना थोडं शिकवून आजारी आयांच्या घरी पाठवलं होतं. त्या जायच्या, बसायच्या, बोलायच्या, घरच्यांनाही बोलण्यात घ्यायच्या. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा ज्या घरी अशी भेट झाली तिथं शंभरातल्या तेवीस आया आजारी राहिल्या होत्या. जिथं सेविका आल्या पण असं बोलणं झालं नाही तिथं त्रेपन्न. २००८ साली छापून आलेलं आहे. पुढे गोव्यात हेच काम शेजारपाजारच्या अनुभवी आयांना शिकवून केलं गेलं, त्यांना सखी म्हणत. तुमच्याकडे आशाताई येतात. बाळ बेचाळीस दिवसांचं होईपर्यंत त्या येऊन बाळाचं वजन, नाळ, ताप बघून गेल्या असतील. आईचं मन बघायला त्यांना कुणी सांगितलं नसेल. तुम्ही सांगा. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं हिच्याजवळ बसा, म्हणा. आणि ती सखी तुमच्या आईच झाल्या तर त्याहून चांगलं. दुपारी दोन तास धाकटीला आईंनी घ्यायचं आणि हिनं झोपायचं, एवढ्या करारानं सुरुवात होऊ शकते.

रात्रपाळीच्या आठवड्यात तुम्ही झोपायला दुसरीकडे जाऊ शकता का? मित्राची खोली, देवळाचा सभामंडप, कुठेही. महिनाभर तरी. मालकाशी बोलून दिवसपाळी मागता आली तर बघा. उचल अंगावर असताना मालकापुढे तोंड उघडवत नाही हे मला ठाऊक आहे. उचल म्हणजे पैशाबरोबर जीभही गहाण. पण ‘घरात दवाखाना आहे’ एवढं सांगायला हरकत नाही, कसला ते सांगायचं की नाही हे बायकोला विचारून ठरवा.

पैशाचं थोडं हलकं होईल असं काही आहे का तेही बघून घ्या. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत दुसरं अपत्य मुलगी असेल तर आईच्या खात्यावर ६,००० रुपये येतात. अर्जाची मुदत असते, म्हणून मोठीच्या अंगणवाडीत याच आठवड्यात विचारा. तुमचं रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर राज्याच्या ‘लेक लाडकी’ योजनेत, १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला जन्माला ५,०००, मग पहिली, सहावी, अकरावीला हप्ते आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,००० असे एकूण १,०१,००० रुपये मिळतात. दुसऱ्या बाळंतपणानंतर आई किंवा वडिलांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करावी, अशी त्यात अट आहे. ‘किंवा वडिलांनी’ हे शब्द नीट वाचा. तिच्या पोटावर आधीच एक कापलेली जागा आहे. पुरुषाची नसबंदी काही मिनिटांची असते आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो.

हे मी ‘तिसऱ्या’साठीही सांगते आहे. तिसरं हवं की नको, हा तुमच्या दोघांचा प्रश्न, पण तो ती बरी झाल्यावर आणि तिच्या तोंडून यायला हवा. एकदा हा आजार झालेल्या बाईला पुढच्या बाळंतपणात तो पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. आणि कुणी ‘आधी बघून घेऊ’ असं सुचवलंच, तर गर्भलिंग तपासणी हा गुन्हा आहे. देशाचा कायदा १९९४ चा, महाराष्ट्राचा त्याच्याही आधी, १९८८ चा.

पेढ्यांचं काय करायचं? उद्या जाऊन पाच किलो आणू नका. चार महिन्यांनी एकाएकी पेढे आले तर तिला ते ताईच्या सदरातून आलेले वाटतील, आणि ते खरंच असेल. आधी तिच्याजवळ बसून म्हणा, ‘तेव्हा वाटायला हवे होते, मी वाटले नाहीत.’ पैशाचं कारण सांगू नका. ती काही बोलणार नाही, रडेल किंवा पाठ फिरवेल. उठून जाऊ नका. तिला एवढ्यात बरं वाटेल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि ‘आता तरी हस की’ असं तर अजिबात म्हणू नका.

पुढच्या तपासणीला तुम्ही स्वतः बरोबर जा. खाडा पडेल, पडू दे. मॅडमशी बोलताना तिच्या वतीनं उत्तरं देऊ नका, पण त्या पायरीचं मात्र तुम्ही सांगा, ती सांगणार नाही.

आणि महिन्याभरानं मला पुन्हा लिहा. तुमच्या पत्रात ‘बायको’ आहे, ‘मोठी’ आहे आणि ‘दुसरी’ आहे. नाव छापू नका म्हणालात ते तुमचं, आणि मी कुणाचंच छापणार नाही. पण बारसं झालेल्या चार महिन्यांच्या मुलीचं नाव काय ठेवलंत, ते पत्रात लिहा.

तुमची,
ताई